ऊन सगळ्यांना सारखं लागत नाही

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



या शिबिराचे विषय ठरत होते तेव्हा 'जागतिक तापमानवाढ' हे शब्द ऐकून आपल्यातल्याच एक ताई म्हणाल्या, "आपल्या केंद्रात रोज मारहाणीच्या, पोटगीच्या केसेस येतात. त्यातून मान वर करायला सवड नाही. त्यात आता हे आभाळाचं ओझं कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देता आलं नाही तर मी इथे बोलण्यात अर्थ नाही. म्हणून आज मी विज्ञान सांगणार आहे ते थोडकंच. जास्त बोलणार आहे ते बाईच्या अंगावर पडणाऱ्या उन्हाबद्दल, आणि त्या उन्हाचा हिशेब कोणाकडे मागायचा याबद्दल.

सुरुवात मात्र एका बाईपासूनच करते. युनिस फूट हे नाव आपल्यापैकी फार कोणी ऐकलेलं नसेल. अमेरिकेतली बाई. १८४८ साली सेनेका फॉल्स इथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यावर हिची सही आहे. म्हणजे आपल्याच गोतावळ्यातली. या बाईने घरगुती म्हणावा असा एक प्रयोग केला. काचेच्या नळकांड्यांत थर्मामीटर ठेवले, एकात साधी हवा भरली, एकात कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि ती उन्हात ठेवली. कर्बवायूची नळी जास्त तापली, आणि सावलीत आणल्यावर तिला निवायलाही पुष्कळ जास्त वेळ लागला. पृथ्वीभोवती हा वायू जास्त असेल तर पृथ्वी अधिक तापेल, असा निष्कर्ष तिने १८५६ साली मांडला. तो निबंध विज्ञान परिषदेत वाचला एका पुरुष शास्त्रज्ञाने. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी अधिक चांगल्या उपकरणांनी ही उष्णता नेमकी कशी अडते ते दाखवलं, आणि श्रेय त्यांच्या नावावर जमा झालं. त्यांचं काम मोठं होतंच. पण बाईचं नाव दीडशे वर्षं कोणाला आठवलं नाही. हे आपल्याला नवीन नाही.

तापण्याचं कारण

कारण तसं सोपं आहे. सूर्याचं ऊन जमिनीवर येतं, जमीन तापते आणि ती उष्णता परत आकाशात सोडते. हवेतले काही वायू ती वाटेतच अडवतात. गोधडी आपण होऊन गरम नसते, अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, तसंच हे. ही गोधडी मुळीच नसती तर पृथ्वी गोठून गेली असती. अडचण अशी की गेली दोनशे वर्षं आपण एकावर एक गोधड्या टाकत चाललो आहोत. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू जाळणं हे त्याचं मुख्य कारण. जंगलतोड हे दुसरं. मिथेन वगैरे आणखी वायू आहेत, पण मूळ दुखणं कोळशाचं आणि तेलाचं.

परिणाम? कारखानदारीच्या आधीच्या काळाशी तुलना केली तर २०२४ हे पूर्ण वर्ष दीड अंशाहून थोडं जास्त गरम होतं, असं जागतिक हवामान संघटनेने सांगितलं. २०१५ च्या पॅरिस करारात सगळ्या देशांनी मिळून 'शक्यतो दीड अंशाच्या आत राहू' असं म्हटलं होतं. ती मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीने मोजायची असते, एका वर्षाने ती मोडली असं होत नाही. पण उंबरठ्यावर पाय पडलेला आहे. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. मुलाचा ताप दीड अंशाने वाढला तर आपण रात्रभर उशाशी बसतो, हे लक्षात ठेवा.

चूल, कूस आणि मोटारगाडी

आता हे केलं कोणी? इथे आपल्याला फार सावध राहावं लागेल. कारण दोष वाटण्याची वेळ आली की बोट कोणाकडे वळतं ते आपण पाहिलेलं आहे.

१९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका संस्थेने हिशेब मांडला आणि भारत, चीन, ब्राझील हे देश सगळ्यात मोठ्या दोषी देशांच्या यादीत बसवले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली त्याला सडेतोड उत्तर दिलं. त्यांनी विचारलं, गरिबाच्या भातखाचरातून निघणारा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत कसा तोलता? एक जगण्यासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. पुढे १९९२ च्या रिओ परिषदेतल्या करारात 'जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नव्हे' हे तत्त्व मान्य झालं. आजही एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाला साधारण दोन टन कर्बवायू येतो, अमेरिकेत माणशी चौदा टनांच्या आसपास. आणि भारतातला हा दोन टनांचा आकडा सरासरीचा आहे. मुंबईत चार खोल्यांना चार एसी लावणारं कुटुंब आणि पत्र्याच्या खोलीत एका पंख्यावर सहा माणसं झोपणारं कुटुंब, दोघांना मिळून तो आकडा निघतो. देशांमधली विषमता सांगताना देशातली विषमता लपवायची नाही.

दुसरं बोट वळतं ते लोकसंख्येकडे, म्हणजे बाईच्या कुशीकडे. 'गरीब देशांतल्या बाया मुलं कमी जन्माला घालतील तर पृथ्वी वाचेल' हे वाक्य आपण कुटुंबनियोजनाच्या सक्तीच्या दिवसांपासून वेगवेगळ्या वेषांत ऐकत आलो. जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांच्या राहणीतून साधारण निम्मा कर्बवायू निघतो; त्यांच्या घरी मुलं थोडीच आहेत. गर्भनिरोधक साधनं, सुरक्षित गर्भपात हे आपले हक्क आहेत आणि ते आपण मागूच. पण आपल्या शरीरासाठी, आपल्या निर्णयासाठी. कोणाच्या धुराची भरपाई म्हणून नव्हे.

तिसरं बोट चुलीकडे. लाकूडफाटा जाळणारी बाई पर्यावरणाचा नाश करते म्हणे. बहुतेक ठिकाणी बाया वाळक्या काटक्या, तुराट्या, पळाट्या, गोवऱ्या जाळतात. उभं झाड तोडायला ना त्यांच्याकडे वेळ ना कुऱ्हाडीचा हक्क. चुलीचा धूर वाईट आहे, पण तो आधी वाईट आहे त्या बाईच्या छातीला आणि डोळ्यांना. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, बाईच्या नावावर गॅसजोडणी मिळाली, हे चांगलं झालं. पण पुढचा सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून शेगडी फडताळात आणि चूल पेटलेली, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. धूरमुक्त स्वयंपाकघर हा बाईच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून मागायचा, गुन्ह्याची शिक्षा म्हणून नव्हे.

पाणी प्यावं तर जायचं कुठं?

आता परिणामांकडे येऊ. आणि पहिला परिणाम साधा ऊन्हच.

शरीर स्वतःला थंड ठेवतं ते घाम वाळवून. हवा फार तापली की घाम पुरा पडत नाही, दमट असली की तो वाळत नाही, आणि आतली उष्णता आतच राहते. मग चक्कर, उलटी, पेटके, आणि वेळेवर उपचार झाला नाही तर मृत्यू. हवामान खातं आपल्याला जो आकडा सांगतं, तो सावलीतला असतो. लाकडी झडपांच्या पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचा. डोक्यावर घमेलं घेऊन डांबराच्या रस्त्यावर उभी असलेली बाई त्या पेटीत नसते. ४२ अंश म्हणजे तिच्यासाठी ४२ अंश नव्हेत.

एकदा रस्त्याच्या कामावरच्या बायांना मी मोठ्या शहाणपणाने सांगत होते की उन्हात भरपूर पाणी प्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, पाणी प्यावं तर जावं लागतंय, अन् जायचं कुठं? समोर मुकादम, मागं रस्ता." मी गप्प झाले. उन्हाळ्यात कामावरच्या बाया मुद्दाम कमी पाणी पितात, कारण आडोसा नाही. मग लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मुतखडा. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. हवामानशास्त्राच्या कोणत्याही नकाशात हे दिसत नाही. तापमान वाढवणारी शक्ती जगभरची असेल, पण बाईला आजारी पाडणारी वस्तू कामाच्या जागेवर नसलेला संडास ही आहे. हे दोन्ही एकदम म्हणायला आपण शिकलं पाहिजे.

आणि घरी? पुरुष रात्री ओट्यावर, पारावर, गच्चीवर झोपतो. बाई पत्र्याखाली, चुलीच्या उबेत, दार लावून. अब्रूच्या धाकाने तिला रात्रीचा वाराही मिळत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरला भर उन्हात झालेल्या सरकारी सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं दगावली. त्यात बायकाच जास्त होत्या.

एकाच मराठवाड्यात आगगाडी आणि पूर

उष्ण हवा जास्त बाष्प धरून ठेवते; प्रत्येक अंशामागे साधारण सात टक्के अधिक. म्हणून ती जमिनीतलं पाणी जास्त शोषते, आणि कोसळते तेव्हा एकदम कोसळते. दुष्काळ आणि अतिवृष्टी ही एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण त्या एकाच घरातल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून आगगाडीने आणावं लागलं. त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने शेतं मातीसकट वाहून गेली.

पण एक सावधगिरी बाळगा. प्रत्येक दुष्काळ तापमानवाढीच्या खात्यावर टाकू नका. १९७२ चा दुष्काळ आपल्या आया-आज्यांनी पाहिला, तेव्हा हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. तापमानवाढ दुष्काळाची धार वाढवते, हे खरं. पण कमी पावसाच्या मुलखात ऊस कोणी लावला, धरणाचं पाणी कोणी वळवलं, विहिरी कोणी खोल केल्या, हे प्रश्न आभाळाला विचारता येत नाहीत. 'हे सगळं हवामानबदलामुळे' असं म्हटलं की पुढाऱ्यांना फार सोयीचं असतं. कोणीच जबाबदार राहत नाही.

परळीचंच उदाहरण घ्या. तिथलं औष्णिक वीजकेंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळसा जाळून हवा तापवणारं केंद्र, आणि तेच पाण्यावाचून उभं. त्याच बीड जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, फेड दोघांच्या अंगावर. खाडा झाला की दंड. पाळीचा त्रास, अंगावर जाणं, कशालाच सुट्टी नाही. मग कोणीतरी सांगतं, 'पिशवी काढून टाक, कटकट जाईल.' २०१९ मध्ये हा प्रश्न गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ बायांची गर्भाशयं काढलेली आढळली. दर सहा बायांमागे एक. पाऊस गेला, पीक गेलं, उचल घेतली, कोयता धरला, पिशवी गेली. या साखळीत पहिली कडी आभाळाची असेल, पुढच्या सगळ्या कड्या माणसांनी जोडलेल्या आहेत. म्हणजे त्या तोडताही येतील.

व्यवस्थापन म्हणजे काय, आणि कोणाचं?

तज्ज्ञ दोन कामं सांगतात. एक, कारण कमी करणं. म्हणजे कोळसा, तेल जाळणं कमी करत जाणं, ऊन-वाऱ्यापासून वीज घेणं, रेल्वे आणि एसटी वाढवणं, जंगल राखणं. दुसरं, जे टळणार नाही त्याला तोंड द्यायची तयारी करणं. दोन्हीत बाईची जागा कोणती, हे आपण पाहायचं.

तयारीने काय होतं हे बांगलादेशाकडून शिकावं. १९९१ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली. वीस ते चव्वेचाळीस वयाच्या गटात पुरुषांच्या कितीतरी पट बाया मेल्या. का? इशारा दिला गेला तो बाजारात, पुरुषांना. बाया घरात, नवऱ्याच्या परवानगीची वाट पाहत, कडेवर मूल. निवाऱ्यात वेगळी सोय नाही, म्हणून जायला संकोच. पोहता येत नाही, अंगाला ओली साडी गुंडाळलेली. पुढे निवारे वाढले, बायांसाठी वेगळ्या जागा झाल्या, गावोगाव स्वयंसेविका तयार झाल्या, त्या घरोघर जाऊन इशारा देऊ लागल्या. २०२० च्या अम्फान वादळात बांगलादेशातल्या मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. वादळ थांबवता आलं नाही, मरण थांबवता आलं.

आपल्याकडे २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. रंगांनुसार इशारे, पाणपोया, दवाखान्यांना प्रशिक्षण, छपरांना पांढरा रंग. असे आराखडे आता अनेक ठिकाणी आहेत. मिळवून वाचा. त्यात हमखास वाक्य असतं, 'दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नये.' कागद वाचणारीचं ठीक आहे. भाजीची पाटी घेऊन बसणारी, कागद-काच-पत्रा वेचणारी, खुरपायला जाणारी कशी पडणार नाही? त्या चार तासांची मजुरी कोण देणार? हा प्रश्न विचारला नाही तर तो आराखडा म्हणजे उपदेश.

'सेवा' संघटनेने या प्रश्नाला एक उत्तर शोधलं. २०२३ मध्ये गुजरातेतल्या सुमारे २१,००० कष्टकरी बायांचा उष्णतेचा विमा काढला. तापमान ठरलेल्या रेषेपलीकडे गेलं की आजारपणाचा दाखला न मागता खात्यात पैसे. पहिल्या वर्षी रेषा इतकी वर होती की काहीच मिळालं नाही. २०२४ मध्ये योजना बदलली, महाराष्ट्र आणि राजस्थानही घेऊन ती सुमारे ५०,००० बायांपर्यंत गेली आणि बहुतेकींना ४०० रुपये मिळाले. मला या प्रयोगाबद्दल आदर आहे. पण शंकाही आहे. मालकाने आणि सरकारने द्यायची सावली, पाणी, सुट्टी यांच्या जागी आपण आपल्याच खिशातून हप्ता भरायचा का? विमा जोडीला हवा, हक्काच्या बदल्यात नको. यावर चर्चेत तुम्ही बोला.

शेतीचंही असंच. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायांबरोबर एक एकराचं काम केलं. घरातल्या पुरुषांशी बोलून बाई एक एकर मागून घेते, त्यात डाळी, ज्वारी, भाजीपाला असं मिश्र पीक घेते, खत घरचं. पाऊस दगा दिला तरी घरात खायला काहीतरी राहतं. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पण लक्षात घ्या, तो एकर 'मागून' घ्यावा लागतो. गारपिटीची, अतिवृष्टीची भरपाई ज्याचं नाव सात-बाऱ्यावर त्याला मिळते. राबणारी एक, नाव दुसऱ्याचं. म्हणून सात-बाऱ्यावर बाईचं नाव ही आपली जुनी मागणी आज हवामानाचीही मागणी आहे.

आणि कारण कमी करण्याच्या कामातही डोळे उघडे ठेवा. सौर वीज आपल्याला हवी आहे. पण त्या पट्ट्या गायरानावर उभ्या राहणार असतील तर भूमिहीन बाईने शेळ्या कुठे चारायच्या, हे ग्रामसभेत तिला विचारलं गेलं पाहिजे. धरणांच्या वेळी 'देशासाठी त्याग' कोणी केला, ते आपल्याला माहीत आहे.

म्हाताऱ्यांनी जिंकलेला खटला

शेवटी एक उमेद देणारी गोष्ट. स्वित्झर्लंडमधल्या चौसष्टीच्या पुढच्या दोन हजारांहून जास्त बायांनी संघटना केली आणि आपल्याच सरकारवर खटला भरला. उष्णतेच्या लाटेत म्हाताऱ्या बाया जास्त मरतात, आणि सरकार कर्बवायू कमी करण्यात कुचराई करतं, असं त्यांचं म्हणणं. देशातली न्यायालयं त्यांना दाद देईनात. त्या युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या, आणि ९ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने निकाल दिला की सरकारने त्यांच्या हक्काचा भंग केला आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात म्हटलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून मिळतो. निकाल आपोआप गावात पोचत नाही. विशाखा निकालाच्या वेळी तो कामाच्या जागी पोचवायला आपल्याला किती वर्षं खपावं लागलं, ते आठवा.

तर त्या ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. हा नवा विषय नाही, आपलेच जुने विषय आता जास्त तापले आहेत. पाणी, संडास, मजुरी, जमीन, शरीरावरचा हक्क. म्हणून वेगळी समिती नको, वेगळा फलक नको. येत्या उन्हाळ्याआधी आपापल्या तालुक्यात तीन गोष्टी करूया. पहिली, उष्णतेचा आराखडा तहसीलमधून किंवा नगरपालिकेतून मागायचा, नसेल तर तसं लेखी घ्यायचं. दुसरी, दहा कामांच्या जागा प्रत्यक्ष पाहायच्या: सावली आहे का, पाणी आहे का, बायांसाठी संडास आहे का, दुपारची सुट्टी पगारी आहे का. कागदावर लिहायचं, त्या बायांसमोरच वाचून दाखवायचं. तिसरी, ऊसतोडीला निघण्याआधी प्रत्येक वस्तीत एक बैठक घ्यायची: उचलीत बाईचा वाटा किती, आणि 'पिशवी' काढायचा सल्ला मिळाला तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला, सरकारी दवाखान्यात दाखवायचं.

थर्मामीटर आपल्या हातात नाही. पण सूर्य डोक्यावर आला की कोण सावलीत बसणार आणि कोण उन्हात राहणार, हे सूर्य ठरवत नाही. ते ठरवणाऱ्यांशी आपली ओळख जुनी आहे.

आता चर्चेला सुरुवात करूया. त्या रस्त्याच्या कामावरच्या आजी आज इथे आल्या आहेत. पहिल्यांदा त्यांनी बोलावं, अशी माझी विनंती आहे.